पीळ

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझ्या चाचांनी एक होडी बांधली होती. किनाऱ्यावर मांडव घालून नव्हे, तर इंग्लंडात, साउदॅम्प्टनला, भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत. साल १९६५. त्या होडीपायी आमच्या घरातल्या दोन भावांचं बोलणं बंद झालं ते थेट २००८ पर्यंत. आज त्या होडीविषयी बोलणार आहे.

आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. माझे अब्बा होड्यांचे मिस्त्री. मचव्याची कुजलेली फळी बदलायची, फटींत कापूस ठासायचा, वर राळ लावायची, हे त्यांचं आयुष्य. चाचा त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या भागातले पुष्कळ मुसलमान तरुण तेव्हा मुंबई गाठून विलायती बोटींवर खलाशी होत, तसे तेही झाले. एकाच बोटीवर गोऱ्या खलाशाचा करार निराळा, हिंदी खलाशाचा निराळा. पगारात कितीतरी पटींचा फरक. चाचांनी चौदा वर्षं डेक घासला, दोर ओढले, निम्मं जग पाहिलं. पण बोट कुठे जायची ते ठरवणारा नेहमी दुसराच. १९६४ साली ते साउदॅम्प्टनला उतरले, गोदीत कामाला लागले आणि तिथलेच झाले.

शेजारी एक इंग्रज म्हातारा होता. त्याने अंगणात एक होडी बांधायला घेतली होती. तिचं नाव मिरर. ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने ती काढली, म्हणून मिरर. शिडं लाल, तीही वर्तमानपत्राच्या लाल रंगाशी जुळावीत म्हणून. आराखडा जॅक होल्ट या नामांकित होडीकाराचा. जोडीला बॅरी बकनेल, म्हणजे टीव्हीवर लोकांना घरच्या घरी सुतारकाम शिकवणारा माणूस. १९६३ च्या जानेवारीत लंडनच्या बोटींच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा सगळं सामान, कापलेल्या फळ्यांपासून शिडापर्यंत, ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळत होतं. शर्यतीची होडी तोवर पैसेवाल्यांची चैन होती. ही कारकुनाला, शिक्षकाला, गोदी कामगाराला परवडली. पुढे अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी लोकांनी घरीच बांधल्या.

पौंडाला तेव्हा तेरा रुपये तेहेतीस पैसे पडत. म्हणजे साडेआठशे रुपये. आमच्या घराचं छप्पर त्या वर्षी गळत होतं, कौलं बदलायची होती, आणि चाचांकडून येणाऱ्या पैशांवर अब्बांनी कौलवाल्याला शब्द दिला होता. चार महिने मनीऑर्डर आली नाही. मग पत्र आलं, त्यात होडीचं वर्णन! पावसाळ्यात दादीची खाट घरभर फिरली. जिथे गळत नाही तिथे खाट. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण ही खाट मला पाहिल्यासारखी आठवते, इतक्या वेळा ती ऐकली आहे. दुसऱ्या वर्षी चाचांनी सगळे पैसे पाठवले, कौलं आली. अब्बांनी पत्राला उत्तर मात्र दिलं नाही. दादी गेली तेव्हाही तार माझ्या फुफीने केली.

पत्रं अम्मीने जपली होती. शाळेत असताना मी ती चोरून वाचायचो. त्यांतून मला होडी कशी बांधतात ते कळलं. अब्बा रोज समोर बांधत होते, ते बघायला मी कधी बसलो नाही, हे आता कबूल करायला हवं.

मिररची रीत अशी: प्लायवूडच्या फळ्यांच्या कडांना बारीक भोकं पाडायची. दोन फळ्या कडेला कड लावून भोकांतून तांब्याची तार ओवायची आणि पिळायची. अक्षरशः शिवायची. सपाट फळ्या शिवत गेलं की होडीचा आकार आपोआप उभा राहतो, आधी सांगाडा घालावा लागत नाही. मग आतून सांध्यावर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. ते वाळलं की बाहेर आलेल्या तारा कापून, घासून टाकायच्या आणि बाहेरूनही पट्टी मारायची. झाली होडी. १० फूट १० इंच लांब, रिकामी असताना वजन शंभर पौंडांच्या आसपास, दोन माणसं सहज उचलतील. डोलकाठी आखूड, तिच्यावर दुसरी काठी चढवून शीड उंच न्यायचं. म्हणजे सगळ्या काठ्या होडीतच मावतात आणि होडी मोटारीच्या टपावर जाते. आत चार बंद कप्पे हवेने भरलेले, उलटली तरी बुडत नाही.

अब्बांनी यातली एकच गोष्ट ऐकली होती आणि तिच्यावर ते हसत. “तारेने शिवलेली होडी! आणि नाळ कापलेली!” मिररला टोकदार नाळ नाही, पुढचं तोंड चपटं. कोकणच्या माणसाला ती नाक कापल्यासारखी दिसते. खरं तर शिवलेल्या होड्या आपल्याच समुद्रावरची जुनी गोष्ट. काथ्याने फळ्या शिवून लोक अरबस्तानापर्यंत जात. २०२५ साली गोव्यात तसंच शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ जहाज कारवारला नौदलात दाखल झालं, तेव्हा अब्बा असते तर मी त्यांना फोटो दाखवला असता.

चाचांनी खोलीतलं सामान भिंतीला लावून जमिनीवर फळ्या मांडल्या. डिसेंबरची थंडी, रेझिन थंडीत लवकर वाळत नाही. त्यांनी त्यात वाळवणारं औषध जास्त घातलं, तर डबा हातात तापला आणि सगळं रेझिन डब्यातच दगड. पुढच्या वेळी रॉकेलची शेगडी लावली, तर वासाने घरमालकीण वरून धावत आली. पत्रात ते लिहितात, ‘मी तिला म्हटलं, बाई, आठ दिवस नाक धरा, मग तुम्हाला फिरायला नेतो.’ शेवटी खिडकीची चौकट काढून होडी रस्त्यावर आली. होडीचं नाव दादीचं: ‘हलीमा’. हे कळल्यावर अब्बा अधिकच चिडले. छप्पर द्यायचं सोडून नाव दिलं, म्हणाले.

शर्यतीची गंमत अशी की या वर्गातल्या सगळ्या होड्या मापाने सारख्या असाव्या लागतात. मोजणारा माणूस येतो, वजन करतो, शिडाची मापं घेतो. हलकी भरली तर शिसं किंवा लाकूड जोडून वजन पुरं करायला लावतो. जड भरली तर तुमचं नशीब. ‘हलीमा’ जड भरली. चाचांना वाटे, रेझिन जरा जास्त असलेलं बरं. आणि आणखी एक भानगड होती. ती डाव्या अंगाने वारा घेऊन चांगली पळे, उजव्या अंगाने वारा घेतला की मागे पडे. चाचांनी शीड बदललं, डोलकाठी मागेपुढे केली, सुकाणूचं पातं तासलं. वीस वर्षं ते बंदराच्या संध्याकाळच्या शर्यतीत उतरत होते. पुढे माझी चुलत बहीण मोठी झाल्यावर तिला पुढे बसवून. नंबर आला तर तिसरा-चौथा, त्याहून वर कधीच नाही. पण निघायचं कधी, वळायचं कुठे, हे तेच ठरवत. हे वाक्य त्यांच्या एका पत्रात जसंच्या तसं आहे.

२००८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या काही मराठी मंडळींनी कवितावाचनाला बोलावलं आणि मी साउदॅम्प्टनला पंधरा दिवस राहून आलो. चाचा शहात्तर वर्षांचे. बहिणीच्या अकरा वर्षांच्या मुलाला शर्यतीत उतरायचं होतं, म्हणून ‘हलीमा’ गॅरेजमधून बाहेर काढली होती. मधली उभी फळी पाण्यात सोडायची जी खाच असते, तिच्याशेजारी तळ कुजला होता. आम्ही कुजका भाग कापला, कडा तिरप्या तासल्या, नवा तुकडा बसवला. मी म्हणजे अब्बांचा मुलगा, आणि मला रंधा धरता येत नव्हता. चाचा काही बोलले नाहीत. माझ्या हातातून रंधा घेतला, एवढंच. त्यांची धरायची तऱ्हा थेट अब्बांची होती. आंगठा वर, कोपर अंगाला चिकटलेलं.

निघताना त्यांनी मला होडीबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक दिलं. पानापानावर पेन्सिलीने मराठी शब्द: नाळ, काठ, डोलकाठी. इंग्रजी शब्द अडला की आपला लिहून ठेवलेला. “भाईला दाखव,” म्हणाले.

मी ते पडवीत अब्बांच्या हातात ठेवलं. अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. ते आकृत्या पाहत बसले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तोंड चपटं ठेवलंय ते फळी फार वाकवायला लागू नये म्हणून. हुशार आहे माणूस.” जॅक होल्टला एवढी पावती. मग विचारलं, होडी पळते कशी? मी दोन अंगांची भानगड सांगितली. अब्बांनी चष्मा काढला. म्हणाले, “फोन लाव.”

चाचांनी फोन उचलला. अब्बांनी सलाम केला नाही, तब्येत विचारली नाही.

“शिवून झाल्यावर, पट्टी मारायच्या आधी, पुढेमागे दोन आडव्या पट्ट्या ठेवून डोळा लावला होतास काय?”

तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग चाचा म्हणाले, “नाही, भाई. घाई झाली.”

“मग पीळ राहिला आहे तिच्यात,” अब्बा म्हणाले. “आता नाही निघायचा. पोराला सांग, उजव्या अंगाचा वारा असेल तेव्हा जरा मागे सरकून बस म्हणावं.”

आणि मग दोघे लाकडाविषयी बोलत राहिले. कार्ड संपेपर्यंत.