नीतिबुद्धि कशी वाढते
(समाजसेवकांच्या मेळाव्यांत रिद्धपूर येथें केलेलें भाषण)



खेड्यापाड्यांतून सेवेस जाणाऱ्या मंडळींपुढें मनुष्याच्या नीतिबुद्धीच्या वाढीविषयीं बोलावें, अशी महोत्सवाच्या चालकांची इच्छा. तिला रिद्धपुराहून योग्य स्थळ मिळालें नसतें. श्रीचक्रधरांचे गुरु श्रीगोविंदप्रभु तेराव्या शतकांत ह्याच गांवीं राहिले. अस्पृश्य मानिलेल्यांच्या घरीं ते जात, तेथील अन्न घेत. त्यांच्या लीळांत उपदेश थोडा, वर्तन फार. महदाइसा येथेंच त्यांच्या सेवेंत होती. पंथांत तिची ख्याति प्रश्न विचारणारी म्हणून आहे.

आतां आधुनिक पंडित काय म्हणतात तें पाहूं. स्वित्झर्लंडांतील पियाजे ह्यांनीं मुलांचा गोट्यांचा खेळ न्याहाळून १९३२ सालीं ग्रंथ लिहिला. लहान मुलास नियम म्हणजे वडिलांनीं घातलेली अचल मर्यादा वाटते. मोठ्यास कळतें कीं, सर्वांच्या संमतीनें तो बदलतां येतो. चुकून पंधरा पेले फोडणारा मुलगा लहानग्यांस अधिक दोषी वाटे. चोरून खातांना एकच पेला फोडणारा कमी. हेतु पाहण्याची दृष्टि मागाहून येते.

अमेरिकेंतील कोलबर्ग ह्यांनीं १९५८ सालच्या आपल्या प्रबंधापासून हा विचार पुढें नेला. आधीं शिक्षेचें भय व स्वार्थ, मग लोकांची शाबासकी व कायदा, आणि शेवटीं तत्त्व, अशी ती शिडी. उत्तर काय दिलें ह्यापेक्षां तें कां दिलें, हें ते पाहत. मोर्शीकडील संत्र्याच्या बागेंतून आजारी भावासाठीं मुलानें दोन फळें उचललीं, तर ‘मार बसेल’ म्हणणारा व ‘मळेवाल्याचेंही कष्ट आहेत’ म्हणणारा, दोघेही चोरी वाईटच म्हणतील. पण दोघांस एकच पाठ देऊन चालणार नाहीं.

ह्या शिडीविषयीं मात्र आमची तक्रार आहे. कोलबर्गांनीं प्रथम अभ्यासिले ते सगळे मुलगेच होते. कॅरोल गिलिगन ह्या विदुषीनें १९८२ सालीं दाखविलें कीं, न्यायाइतकीच जिव्हाळ्याची व जबाबदारीचीही नीति असते, आणि ती ह्या मापांत बसत नाहीं. त्याहून मोठें भय निराळेंच. ‘मजुरी बुडेल’ म्हणून सभेस न येणाऱ्या मजुरास आपण खालच्या पायरीवरचा ठरवितों. अहो, त्याची मजुरी खरोखरच बुडते! सभा रात्रीं ठेवा, मग त्याची नीति तपासा.

मुलें ऐकण्यापेक्षां पाहून फार शिकतात, हें बँडुरा ह्यांनीं १९६१ सालीं बाहुलीच्या प्रयोगानें दाखविलें: मोठ्यांनीं बाहुलीस मारिलें, तें पाहणारीं मुलेंही मारूं लागलीं. ह्याच जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज हें प्रयोगावांचून जाणत होते. दिवसा गांव झाडीत. रात्रीं कीर्तनांत श्रोत्यांसच प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवीत. प्रभु येशूसही ‘माझा शेजारी कोण?’ असें विचारलें असतां त्यानें व्याख्या सांगितली नाहीं. शोमरोनी माणसाची गोष्ट सांगून उलट त्यासच विचारिलें.

तेव्हां पुढील आठवड्यांत मुलांच्या वर्गास जाणाऱ्यांनीं संत्र्यांचा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर सुचवूं नये. जें येईल तें वहींत जसेंच्या तसें टिपून आम्हांस आणून द्यावें. आणि मुलींचीं उत्तरें गाळूं नयेत.