दहा घरांचा पट

आज पाहुणे नाहीत, आज मीच बोलणार आहे. विषय जरा विचित्र आहे. मी बुद्धिबळाचा एक नवा खेळ बनवायला गेलो, त्याची ही गोष्ट. हेडफोन कानात असतील तर डोळ्यांसमोर एक पट मांडून ठेवा, मधे मधे लागेल.

आम्ही सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव. आमच्याकडे पोराला सायकल यायच्या आधी घोड्याची अडीच घरं येतात असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळायची. मी तिचा स्वयंघोषित कोच. ओपनिंगच्या खेळ्यांच्या प्रिंट काढून आणायचो आणि स्पर्धेला जाताना एसटीत तिची उलटतपासणी घ्यायचो. त्यानं उंट इथं आणला तर? त्याच्या पुढं? अगं, कालच सांगितलं होतं ना? ती चुकली की मी चिडायचो. मी स्वतः जिल्ह्याच्या पुढं कधीच गेलो नव्हतो, हे लक्षात असू द्या.

बारावीच्या वर्षी ती एका स्पर्धेत हरली. पहिल्या अठरा खेळ्या दोघींच्याही पाठ होत्या. एकोणिसावी समोरच्या मुलीला पाठ होती, हिला नव्हती. परत येताना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादा, मी आज खेळलेच नाही. पाठांतराची परीक्षा दिली." मी म्हणालो, "मग अजून दोन खेळ्या पाठ करायच्या होत्यास."

हे वाक्य मी आज पहिल्यांदा कुणासमोर तरी म्हणतोय. तिनं घड्याळ कपाटात ठेवलं आणि खेळणं बंद केलं. भांडण नाही, रडारड नाही. नुसतं बंद.

दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, मला वाटलं की असा पट बनवावा ज्याचं पाठांतरच नाही. बॉबी फिशरनं १९९६ मध्ये मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची जागा चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलायचा प्रकार जाहीर केला होता, ९६० मांडण्या होतात. तो तिला दाखवला. तिनं एक डाव खेळला आणि म्हणाली, "घर तेच आहे, नुसतं फर्निचर हलवलंय." मला हे पटलं नाही, तो खेळ मला आवडतो. पण प्रश्न माझ्या आवडीचा नव्हता.

मग मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि घरं आखली. आडवी दहा, उभी आठ, म्हणजे ८० घरं. दोन जागा वाढल्या, तर दोन नवी मोहरी हवीत. एक उंट आणि घोडा मिळून. तिरकं कितीही जाईल, शिवाय अडीच घरंही उडेल. त्याला नाव दिलं सांडणीस्वार. दुसरं हत्ती आणि घोडा मिळून, तो माहूत. पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांवर मार्करनं चित्रं काढली. उंट आणि घोडा यांच्या मधे एका बाजूला सांडणीस्वार बसवला, दुसऱ्या बाजूला माहूत. मी खूश. वाटलं, जगात हे कुणी केलं नसेल.

ती चहा पीत पीत आली. उभ्यानंच खेळायला लागली. पहिल्याच खेळीत तिनं वजिराशेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मी आपला माझा घोडा बाहेर काढला, दूरचा, वजिराच्या बाजूचा. आणि तिचा सांडणीस्वार त्या मोकळ्या झालेल्या तिरक्या वाटेनं थेट माझ्या राजाच्या बाजूच्या घोड्यापुढच्या प्याद्यावर येऊन बसला. प्यादं खाल्लं. मी बघतोय, त्याला परत खायला माझ्याकडे काहीच नाही. त्या प्याद्याला सुरुवातीपासून कुणाचाच जोर नव्हता! आणि तिथून तो एका बाजूला माझ्या माहुतावर नजर लावून, दुसऱ्या बाजूला हत्तीवर. दोन खेळ्यांत खेळ संपल्यात जमा.

"दादा," ती म्हणाली, "हे प्यादं अनाथ आहे."

त्या रात्री मी मोबाईलवर शोधायला बसलो आणि माझी हवाच गेली. माझा पट, माझी मोहरी, अगदी माझी मांडणीसुद्धा जगज्जेता कापाब्लांका १९२० च्या दशकात सुचवून बसला होता. त्याच्याकडे त्यांची नावं आर्चबिशप आणि चॅन्सेलर. त्याला भीती होती की मोठे खेळाडू इतके तयार होतील की सगळेच डाव बरोबरीत सुटतील. गंमत बघा, १९२७ मध्ये अलेखिनविरुद्धच्या त्याच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत ३४ पैकी २५ डाव बरोबरीतच सुटले. फक्त उरलेल्या नऊमध्ये तो सहा हरला आणि किताब गेला. कापाब्लांकाच्याही आधी १८७४ मध्ये हेन्री बर्ड. त्याच्याही आधी १६१७ मध्ये सिसिलीतला एक पाद्री, पिएत्रो कारेरा. सगळ्यांची तीच दोन मोहरी.

सकाळी हे तिला सांगितलं. ती एवढी हसली की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. "चारशे वर्षं उशीर झाला तुला." मग हसणं थांबवून म्हणाली, "पण ते अनाथ प्यादं कापाब्लांकाला दिसलं नसेल का रे?" आणि पुठ्ठा पुढं ओढून जमिनीवर बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती पटासमोर बसली होती. मी चहा आणायला म्हणून उठलो आणि उगाचच वेळ काढला.

पुढचे चार दिवस आम्ही मांडण्या बदलत होतो. मग मी म्हटलं, पट दहा बाय दहा करू. इथं एक गोष्ट कळली, जी मला आधी कळायला हवी होती. पट मोठा केला की सगळी मोहरी सारखी वाढत नाहीत. मोकळ्या पटावर हत्तीला आठच्या पटात १४ घरं मिळतात, दहाच्या पटात १८. घोड्याला मात्र पटाच्या मधोमधसुद्धा आठच, पट कितीही मोठा करा. म्हणजे माझ्या शंभर घरांत घोडा बिचारा गरीब झाला होता. प्यादी तर चालून चालून दमायची. तिनं एक प्यादं बोटानं ढकलत ढकलत नेलं आणि म्हणाली, "हा पंढरपूरला निघालाय."

तिचा उपाय साधा होता. प्यादी दुसऱ्या नाही, तिसऱ्या रांगेत मांडायची. मधे पुन्हा चारच रांगा मोकळ्या राहतात आणि मागं मोहऱ्यांना हलायला जागा मिळते. उत्तम चाललं. (हेही ख्रिस्टियान फ्रीलिंग नावाच्या डच माणसानं १९८४ मध्ये केलेलं आहे. ग्रँड चेस. या वेळी मी तिला दोन दिवस सांगितलंच नाही.)

मंडळातले एक काका आमचा पुठ्ठा बघून म्हणाले, "बुद्धिबळाशी खेळ करू नये." काकांबद्दल आदर आहे, पण आपला आजचा वजीरही जुना नाही. पंधराव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपात तो तिरकं एकच घर चालायचा. कुणीतरी खेळ केलाच ना?

आमचं स्वतःचं म्हणावं असं शेवटी एकच राहिलं, आणि तेही आजोबांचं. ते गावाकडे जुन्या देशी नियमांनी शिकलेले. त्यात कॅसलिंग नसतं. राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडता येतात, तेही तोवर त्याला शह बसला नसेल तरच. ते आम्ही आमच्या पटावर घेतलं आणि डावाला एकदम जान आली. कारण मग प्रत्येक जण समोरच्या राजाला लवकर एक शह द्यायला धडपडतो, नुसती ती उडी मारायला.

भाऊबीजेच्या रात्री शेवटचा डाव झाला. तिचा राजा आणि सांडणीस्वार, माझा फक्त राजा, तोही कोपऱ्यात. मला वाटलं, एकटा सांडणीस्वार काय करणार? तिनं तो माझ्याच तिरक्या रेषेत, मधे एक घर सोडून ठेवला. शह. तिरकं पळावं तर ती त्याची वाट. बाजूच्या दोन्ही घरांवर त्याची अडीच घरं. मात! तिच्या राजाची मदतसुद्धा लागली नाही. तुमच्याकडे पट असेल तर मांडून बघा, साध्या पटावरही होतं. आम्ही दोघं ते बघत बसलो होतो. आणि तेव्हा मी म्हणालो, "त्या एसटीतलं वाक्य... चुकलं माझं." ती झाकणं डब्यात भरत म्हणाली, "कुठलं? दोन खेळ्या पाठ करायचं का?" म्हणजे तिच्याही लक्षात होतं, शब्दन् शब्द.

ती स्पर्धांना परत गेली नाही. मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. आता ती पुण्यात शिकते. पुठ्ठा तिच्याकडे आहे, हॉस्टेलच्या कॉटखाली. मागच्या आठवड्यात रात्री साडेबाराला मेसेज आला, सोबत पटाचा फोटो: "दादा, राजाची अडीच घरं वापरून समोरचं मोहरं खाता येतं की नुसतं पळताच येतं? इथं चौघीजणी भांडतायत."

आजोबा आता नाहीत, विचारायचं कुणाला? मी लिहिलं, "तुम्ही ठरवा." तर तिचा रिप्लाय: "ठरवलं. खाता येतं. मी जिंकले."

चला, भेटू पुढच्या भागात.