सोसायटीची सूट कोणाच्या हाती?



कापूस-ज्वारीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून त्या कायद्याशी आपला संबंध नाही, असे आपण समजतो. पण आपल्या सेवा सोसायटीचा आहे. सभासदांना कर्ज देऊन झालेल्या नफ्यावर १९६१ च्या कायद्याच्या कलम ८०पी ने सूट दिली. २००६ साली सहकारी बँकांची सूट काढली, प्राथमिक शेती पतसंस्थांची ठेवली. तरी आयकर खाते पतसंस्थांनाही बँक ठरवू लागले. केरळातल्या संस्था लढल्या. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही ती संस्था बँक नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला.

मात्र २०१८-१९ या आकारणी वर्षापासून विवरणपत्र मुदतीत भरण्याची अट आली. मुदत चुकली की सूट बुडाली. म्हणून वार्षिक सभेत चहा पिऊन उठायचे नाही. विवरणपत्र कोणत्या तारखेला भरले, हे आपण गटसचिवाला विचारू. पैसा आपला आहे.