दारातली गाय: मणिभाई देसाई यांचं काम



परक्या मुलखात जाऊन गुरांच्या जोरावर नवं जग उभं करणारा माणूस म्हटलं की अमेरिका डोळ्यांपुढे येते. इंग्लंडातलं घरदार सोडून आलेला तरुण, नजर पोचणार नाही एवढी कुरणं आणि मालकाची खूण डागलेली हजारो जनावरं. आपल्या पुणे जिल्ह्यातही असा एक परमुलखी तरुण आला होता. त्याच्याकडे ना कुरण होतं, ना भांडवल. तरीही देशातल्या लाखो गोठ्यांचं रूप त्याच्या कामानं पालटलं. त्याचं नाव मणिभाई देसाई.

इंग्रजांनीही आपल्याकडे गायी सांभाळल्या. 1889 साली अलाहाबादला लष्कराचा पहिला डेअरी फार्म निघाला. आपल्या पिंपरीचा डेअरी फार्म त्याच परंपरेतला. 2021 साली देशातले हे सगळे लष्करी फार्म बंद झाले. त्यांचं काम सैन्याला दूध पुरवण्याचं होतं. शेतकऱ्याचा गोठा सुधारण्याची जबाबदारी त्यांच्यावर कधी नव्हतीच. ती मणिभाईंनी आपण होऊन उचलली.

मणिभाईंचा जन्म 1920 चा, सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा. 1942 च्या चळवळीत ते उतरले आणि पुढे गांधीजींच्या सहवासात आले. मार्च 1946 मध्ये गांधीजींनी पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. आठवडाभरानं ते निघाले, तेव्हा मणिभाई मागे राहिले. आयुष्य याच गावात घालवायचं, असा शब्द त्यांनी दिला आणि 1993 साली निधन होईपर्यंत तो पाळला.

आश्रमात त्यांनी गीर गायींची जोपासना केली. निवड, चारा आणि निगा नीट असेल तर देशी गाय किती दूध देऊ शकते, हे त्यांनी तिथे सिद्ध केलं. पण आश्रमाच्या गोठ्यात दुधाच्या चरव्या भरल्या म्हणून गावातल्या दोन एकरवाल्याची चूल पेटत नाही. त्याच्या दावणीला लिटर-दोन लिटर दूध देणारी गाय होती आणि चांगला वळू विकत घेण्याची ऐपत त्याला नव्हती. या विचारातून 1967 साली भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आपण ज्याला ‘बाएफ’ म्हणतो ती संस्था उभी राहिली.

बाएफचं खरं शहाणपण तिच्या कामाच्या पद्धतीत आहे. गाय माजावर येते ती जेमतेम दिवसभर. तेवढ्यात ती भरली नाही तर तीन आठवडे वाया जातात आणि त्या काळातला चारा अंगावर पडतो. अशी गाय उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालवत सरकारी रेतन केंद्रावर नेली, तर वेळ टळते आणि शेतकऱ्याची मजुरीही बुडते. मणिभाईंनी हा प्रवासच उलटा केला. होल्स्टीन आणि जर्सी या परदेशी जातींच्या वळूंचं वीर्य उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचं आणि भांडं मोटारसायकलला बांधून तंत्रज्ञानं थेट गोठ्यात पोचायचं. संकरित कालवड देशी कालवडीपेक्षा लवकर विते आणि दूधही कितीतरी जास्त देते. वळू न पाळता जातिवंत वासरू गरिबाच्या दारात जन्मू लागलं. 1982 साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या संकराची किंमतही मोजावी लागली. संकरित गायीला पाणी आणि हिरवा चारा भरपूर लागतो, उन्हाळा तिला सोसत नाही आणि तिचे गोऱ्हे औताला फारसे चालत नाहीत. खिलार, डांगी, देवणी या आपल्या जातींकडे मधल्या काळात दुर्लक्ष झालं. बाएफनंही पुढे देशी जातींच्या जतनाचं काम हाती घेतलं, ते योग्यच झालं. कोरडवाहू भागात देशी गाय आणि पाण्याच्या भागात संकरित गाय, असा विवेक प्रत्येक गावानं करायला हवा.

हे मी तुमच्यापुढे मुद्दाम मांडतो आहे. आपल्या जिल्ह्यातल्या चाकणचा जनावरांचा बाजार आजही शनिवारी भरतो, पण भोवतीचं रान कारखान्यांखाली गेलं आहे. ज्यांची उरलीसुरली जमीन एकरा-दोन एकरांवर आली, त्यांना मोठा कळप कधीच परवडणार नाही. त्यांना लागतं ते वेळेवर दारात येणारं ज्ञान, चारा आणि उपचार. तुमच्यातले कितीतरी जण दुसऱ्या जिल्ह्यांतून, दुसऱ्या राज्यांतून पोटासाठी इथे आलात. ज्या मातीनं आपल्याला आसरा दिला तिथल्या शेतकऱ्याचं आपण काय देणं लागतो, याचा विचार करताना मणिभाईंचं उदाहरण समोर ठेवा. कोणतीही मदत उभारताना पहिला प्रश्न एवढाच विचारा: यासाठी गरिबाला आपल्यापर्यंत चालत यावं लागणार आहे, की आपण त्याच्या गोठ्यापर्यंत जाणार आहोत?