हिऱ्यांवर उभा राहिलेला देश

  

मागे एका मित्राबरोबर त्याच्या साखरपुड्याची अंगठी बघायला गेलो होतो. दुकानदाराने दोन अंगठ्या समोर ठेवल्या. एकीत खाणीतून काढलेला हिरा, दुसरीत लॅबमध्ये तयार केलेला. मी दोन्ही हातात घेऊन, दिव्याखाली धरून, डोळे बारीक करून बघितल्या. फरक शून्य! कळणार तरी कसा? दोन्हीकडे कार्बनच. फरक होता तो किमतीच्या चिठ्ठीवर, आणि तोही असा की मित्राने दोन मिनिटांत लॅबवाली उचलली आणि उरलेल्या पैशांत फिरायला कुठे जायचं ते ठरवायला लागला. मीही तेच केलं असतं.

पण असं जगभरातल्या जोडप्यांनी केलं की आफ्रिकेतल्या एका देशाच्या सरकारी तिजोरीला भोक पडतं. तो देश म्हणजे बोत्सवाना. आज त्याचीच गोष्ट. कारण 'निर्यात वाढली की देश श्रीमंत होतो' हे आपण शाळेपासून ऐकतोय, आणि ते कुठपर्यंत खरं आहे हे बोत्सवानाइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

३० सप्टेंबर १९६६. ब्रिटिश निघून गेले, देश स्वतंत्र झाला. आकाराने महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, त्यातला बराचसा भाग कालाहारीचं वाळवंट. अख्ख्या देशात डांबरी रस्ता किती? साधारण १२ किलोमीटर. पदवीधर किती? २२. हो, बावीस माणसं. ब्रिटिश तर इथला कारभार देशाबाहेरून, शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावातून चालवायचे. इथे राजधानी बांधण्याइतपतही त्यांना काही दिसलं नव्हतं. विकायला होती ती गुरं.

आणि पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, ओरापाला हिरे सापडले. म्हणजे टायमिंग बघा! ब्रिटिशांनी दार ओढून घेतलं आणि मागे घरात हंडा निघाला.

पुढे जे झालं ते मला सगळ्यांत जास्त आवडतं. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे बांग्वातो टोळीच्या राजघराण्यातले. ओरापाची जमीन त्याच टोळीच्या भागातली. म्हणजे 'हिरे आमचे' म्हणायला सगळ्यांत सोयीचा माणूस हाच होता. पण १९६७ च्याच कायद्याने जमिनीखालचं खनिज कुठल्या एका टोळीचं नाही, देशाचं, असं ठरलं. आफ्रिकेत इतर ठिकाणी खाणींवरून यादवी युद्धं पेटली, इथे तो प्रश्न उभा राहायच्या आतच मिटवला गेला.

दुसरी गोष्ट, घासाघीस. डी बिअर्स ही हिऱ्यांच्या धंद्यातली तेव्हाची बलाढ्य कंपनी. सुरुवातीला खाणीत सरकारचा वाटा १५ टक्के होता. १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर नेला. आज ती कंपनी डेबस्वाना म्हणून ओळखली जाते, अर्धी डी बिअर्सची, अर्धी देशाची. कर, रॉयल्टी, लाभांश सगळं धरलं तर नफ्याच्या दर रुपयातले साधारण ८० पैसे सरकारकडे जातात. बावीस पदवीधरांचा देश होता हो हा!

१९८२ मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. मूल्याच्या हिशेबाने ही जगातल्या सगळ्यांत श्रीमंत हिरेखाणींपैकी एक. पैसा आला आणि रस्ते, शाळा, दवाखाने झाले. स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षं हा देश जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांमध्ये होता. चलनाचं नाव काय ठेवलं माहितीये? पुला. म्हणजे पाऊस. वाळवंटातल्या माणसाला पैशासाठी याहून चांगला शब्द कुठला सुचणार?

त्याच काळात शेजारच्या झांबियात उलटं झालं. झांबियाकडे तांबं होतं आणि स्वातंत्र्याच्या वेळी तो बोत्सवानापेक्षा कितीतरी सुस्थितीत होता. १९७० च्या दशकाच्या मध्यात तांब्याचा भाव कोसळला, सरकारने 'चढेल परत' म्हणत कर्ज काढलं, भाव काही चढेना, आणि देश पुढची कित्येक वर्षं हप्ते फेडत बसला. बोत्सवानावरही अशी वेळ आली होती. १९८१ च्या मंदीत काही महिने हिरे विकलेच गेले नाहीत. पण चांगल्या वर्षांत बाजूला टाकलेलं परकीय चलन होतं, त्यावर निभावलं. १९९४ पासून तर पुला फंड नावाचा वेगळा निधीच आहे.

मग अडलं कुठे?

हिऱ्याची खाण ही मोठाल्या यंत्रांची जागा आहे. अवाढव्य डंपर, चाळण्या, एक्स-रे मशिन. डॉलर ढीगभर येतात, पण नोकऱ्या काही हजार. लोकसंख्या २५ लाखांच्या आसपास. बाकीच्यांनी काय करायचं? कारखाना काढावा तर शेजारी दक्षिण आफ्रिका, तिथला माल तयार, स्वस्त, आणि सीमेवर जकात नाही. बंदर नाही, बाजारपेठ छोटी. त्यात खनिजाच्या पैशाचा एक दुष्परिणाम असतो, त्याला 'डच डिसीज' म्हणतात. नेदरलँड्सला १९५९ मध्ये नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला आणि नंतर तिथले कारखाने मागे पडले, त्यावरून हे नाव. बाहेरून डॉलर ओतले गेले की देशाचं चलन महाग होतं, बाहेरचा माल स्वस्त वाटतो, आणि जो स्वतः काही बनवून विकू बघतो त्याचा माल महाग पडतो. बोत्सवानाने चलनावर बराच ताबा ठेवला. पण पगाराचं काय? सगळ्यांत मोठा मालक सरकार, चांगला पगार तिथेच, तर शिकलेली मुलं तिकडेच वळणार.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी म्हटलं, कच्चा हिरा का विकायचा? पैलू इथेच पाडा. गॅबोरोनमध्ये कारखाने निघाले, त्यात आपल्याकडच्या हिरे कंपन्याही गेल्या. २०१३ मध्ये डी बिअर्सने कच्च्या हिऱ्यांची आपली विक्री लंडनहून गॅबोरोनला हलवली. पण सुरतेसमोर टिकणार कसं? जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात असं म्हणतात. ते कौशल्य, ती मजुरी, मुंबईच्या बीकेसीतला हिरेबाजार, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या जमत आलंय. आणि गंमत म्हणजे लॅबमधले हिरेही त्याच सुरतेत तयार होतात. २०२३ मध्ये मोदींनी जिल बायडन यांना दिला होता ना, तो साडेसात कॅरेटचा हिरा? तो लॅबमधलाच.

म्हणजे साठ वर्षांनंतरही निर्यातीचा सुमारे ८० टक्के हिस्सा हिऱ्यांचाच. २०२४ मध्ये डेबस्वानाची विक्री जवळपास निम्म्यावर आली. अर्थव्यवस्था वाढायच्या ऐवजी आक्रसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मतदारांनी ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष घरी बसवला आणि डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला स्वतःला फार लागली. २००२ मध्ये एचआयव्हीने हा देश पोखरला जात होता. तेव्हा सरकारने देशभर एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. असं करणारा आफ्रिकेतला हा पहिला देश. बाहेरून मदत मिळाली, पण मोठा भार हिऱ्यांच्याच पैशाने उचलला. किती जीव वाचले असतील! आणि ऑगस्ट २०२५ मध्ये याच देशाला सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. सरकारी दवाखान्यांत औषधंच संपली होती. खरेदीतली उधळपट्टी, ढिसाळ कारभार हीही कारणं होती, पण मुळात हातात पैसा राहिला नव्हता.

आणि सध्या तिथे चर्चा कशाची आहे? डी बिअर्सची मालक कंपनी अँग्लो अमेरिकन डी बिअर्समधून बाहेर पडतेय. बोत्सवानाकडे त्यातला १५ टक्के वाटा आहेच, बोको यांना तो वाढवून ताबा हवाय. त्यांचं म्हणणं असं की माल आमचा, तर विक्रीची सूत्रंही आमच्याच हातात हवीत. यात तथ्य आहे, १९७५ ला याच हट्टाने देश उभा राहिला. पण तेव्हा हिऱ्याला पर्याय नव्हता. आज भाव उतरतीला लागलेल्या धंद्यात, तिजोरी रिकामी असताना, अजून पैसे घालायचे? मला विचाराल तर मी कचरेन. तुम्ही त्यांच्या जागी असतात तर काय केलं असतं, ते नक्की कळवा.

माझ्या मित्राचा साखरपुडा मस्त झाला, बाय द वे. अंगठी सगळ्यांना आवडली. कुठला हिरा, हे कुणीही विचारलं नाही.

भेटू पुढच्या भागात!