घर कुणाला दाखवता?

(स्त्री-संघटनांच्या पुण्यातील मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



घरांची दलाली करणारी बाई तुमच्यापुढे बोलायला उभी आहे, याचं काहीजणींना नवल वाटत असेल. मलाही वाटलं. दलाल हा शब्दच आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. पण मला बोलावणाऱ्या मैत्रिणीचं म्हणणं असं, की तुमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या कितीतरी बायकांचा प्रश्न शेवटी 'राहायचं कुठे' याच्यापाशी येऊन थांबतो, आणि त्या दारात किल्ली घेऊन आमच्यापैकी कुणीतरी उभं असतं. हे खरं आहे. म्हणून आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. घर दाखवणाऱ्याने ते कसं दाखवावं? आमच्या धंद्यात याला 'मॅनर्स' म्हणतात, म्हणजे इस्त्रीचा शर्ट, वेळेवर येणं आणि गिऱ्हाइकाला सरबत विचारणं. मला त्या सरबताबद्दल बोलायचं नाही.

एकोणीस वर्षं मी सिंहगड रस्ता, वडगाव, धायरी या बाजूला फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचं काम करते. नवरा-बायको घर बघायला आले की आमचे बहुतेक एजंट काय करतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. नवऱ्याला बाल्कनीत नेतात. भाव, कर्ज, पार्किंग, आजूबाजूला कोणता रस्ता होणार आहे, हे सगळं तिथे चालतं. बाईला म्हणतात, "वहिनी, तुम्ही किचन बघून घ्या." म्हणजे व्यवहार बाल्कनीत आणि वहिनी ओट्यापाशी. एकट्या बाईचं तर आणखी वेगळं. एक परिचारिका स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या कर्जावर फ्लॅट घ्यायला निघाली होती. सोबत धाकटा भाऊ होता, तो फक्त गाडी चालवायला आलेला. एजंटने सगळे कागद भावाच्या हातात दिले. दुसऱ्या ठिकाणी तिला विचारलं, "साहेब कधी येणार? ते आले की एकदमच बोलू." साहेब नव्हतेच.

कुणी म्हणेल, एवढं काय मनावर घ्यायचं? हा मानापमानाचा प्रश्न नाही, माहितीचा आहे. त्या बाल्कनीत कार्पेट किती ते सांगितलं जातं, सोसायटीची थकबाकी सांगितली जाते, भोगवटा पत्र मिळालंय की नाही ते सांगितलं जातं. हप्ते जी फेडणार तिला यातलं काहीच कळत नाही. तिला फक्त ओट्याचा ग्रॅनाइट कळतो. म्हणून माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशीच सांगते, की जिच्या नावावर घर होणार तिच्याशी बोलायचं, तिच्याकडे बघून बोलायचं, आणि घर दोघांचं असेल तर दोघं एका खोलीत असतानाच आकडे सांगायचे. हे शिकायला त्यांना सहा महिने लागतात. रक्तात भिनलेलं असतं ना.

कायद्याकडे बघा. स्थावर संपदा कायदा २०१६ चा, आपल्याकडे महारेरा सुरू झालं ते २०१७ च्या मे महिन्यात. नव्या प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटची तिथे नोंदणी लागते, आणि २०२४ पासून महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते. बिगर-नोंदणीचं काम केलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. खोटी माहिती देणं, नसलेल्या सोयी आहेत म्हणून सांगणं, हे या कायद्याने एजंटला मना केलेलं आहे. कार्पेट म्हणजे काय तेही कायद्यात लिहिलंय: आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. तेव्हा 'सुपर बिल्टअप'चा आकडा तोंडावर फेकला तर सरळ म्हणा, कार्पेट सांगा. मात्र एक लक्षात ठेवा. जुन्या सोसायटीतला फ्लॅट एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तिथे एजंटच्या नोंदणीचा हा नियम पोचत नाही. आपल्या बायकांना परवडतात ती बहुतेक घरं तिथलीच असतात. तिथे एजंटची रीत आणि तुमची चौकशी, एवढ्यावरच सगळं असतं.

आता रिकामा फ्लॅट. बंद इमारत, दुपारची वेळ, लिफ्ट चालू नाही, अनोळखी पुरुष आणि एकटी बाई. यात वाईट काही घडलंच पाहिजे असं नाही, पण त्या बाईचं निम्मं लक्ष घराकडे नसतंच, ते दाराकडे असतं. घर बघणार कधी ती? म्हणून एजंटने आधी पूर्ण नाव, पत्ता आणि कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर जायचंय ते कळवावं. 'बसा माझ्या गाडीवर' असं म्हणू नये. पत्त्यावर भेटावं. आत गेल्यावर मुख्य दार सताड उघडं ठेवावं, स्वतः दारापाशी थांबावं आणि तिला एकटीला आत फिरू द्यावं. बेडरूममध्ये मागोमाग जायचं कारण नाही, ती खोली तिला दिसते आहे. कपाट, नळ, खिडकीची कडी तिला स्वतः उघडून बघू द्यावी. ती परत संध्याकाळी यायचं म्हणाली तर तोंड वाकडं करू नये. जिन्यात दिवा आहे का, बसथांब्यापासून येताना रस्ता कसा आहे, पाणी किती वाजता येतं आणि वरच्या मजल्यावर चढतं का, हे दुपारी बारा वाजता दिसत नाही. आणि रात्री नऊनंतर 'मॅडम, काय ठरलं?' असे फोन नकोत. तिचा नंबर तिला न विचारता दुसऱ्या एजंटला देणं तर सर्रास चालतं, त्याला मी चोरीच म्हणते.

कुणी गैर वागलंच तर कुठे जायचं? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा फक्त नोकरी करणाऱ्या बाईसाठी आहे असा समज आहे. तसं नाही. त्यात पीडित महिला नोकरीला असो वा नसो, असं स्पष्ट म्हटलंय, आणि कर्मचारी कामानिमित्त जिथे जातो ती जागाही कामाची जागाच धरलीय. एजंटच्या कचेऱ्या लहान असतात, दहा माणसंही नसतात, म्हणून तिथे अंतर्गत समिती नसते. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते. तुमच्या जिल्ह्यातल्या समितीत कोण आहे आणि ती बसते का, हे संघटनांनी जाऊन बघायला हवं.

हे दुसऱ्या बाजूनेही आहे. या धंद्यात आता पुष्कळ मुली आहेत, आणि त्या अनोळखी पुरुषांना रिकामी घरं दाखवायला जातात. लंडनमध्ये सुझी लँप्लू नावाची पंचवीस वर्षांची मुलगी एका इस्टेट एजन्सीत कामाला होती. जुलै १९८६ मध्ये ती एका गिऱ्हाइकाला फुलम भागातलं घर दाखवायला म्हणून गेली. डायरीत तिने गिऱ्हाइकाचं नाव 'मिस्टर किपर' असं लिहून ठेवलं होतं. ती परत आली नाही. १९९३ मध्ये तिला मृत घोषित केलं. तिची आई डायना हिने मुलीच्या नावाने संस्था काढली, एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी. माझ्या कचेरीतली नोंदवही त्या गोष्टीवरून सुरू झाली. कोण, कुठे, कुणाबरोबर, किती वाजता परत येणार. पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाने आधी कचेरीत यायचं, ओळखपत्र दाखवायचं, मग घर. काही गिऱ्हाइकं रागावतात. रागावू देत.

आता 'सोसायटीला चालत नाही' या वाक्याकडे येते. एकटी आहे, चालत नाही. आडनाव ऐकलं, चालत नाही. मुसलमान आहे, मांसमच्छी खाते, घटस्फोटित आहे, रात्रपाळी करते, चालत नाही. बहुतेक वेळा सोसायटीला कुणी विचारलेलंही नसतं. एजंटच मनाने ठरवतो, कारण त्याला कटकट नको असते आणि दलाली लवकर हवी असते. सोसायटीच्या नावावर स्वतःचा पूर्वग्रह खपवायचा ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट खोड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात एका समाजापुरतं सदस्यत्व ठेवण्याची पोटनियमातली तरतूद मान्य केली, आणि तो निकाल मला आजही पटत नाही. पण तुमच्या-माझ्या वस्तीतल्या साध्या सोसायटीचे पोटनियम तसे नसतात. सहकार कायद्याप्रमाणे सदस्यत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवावा लागतो, आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. म्हणून एजंट 'चालत नाही' म्हणाला की विचारा, कुणी सांगितलं? लेखी आहे का? दहातले नऊजण तिथेच गप्प होतात.

एवढा वेळ मी घर बघणारीबद्दल बोलले. पण ज्या घरात माणसं राहतायत ते दाखवायचं असतं, तेव्हा आत एक बाई असते. अर्ध्या तासाचीही सूचना न देता पाच माणसं तिच्या घरात शिरतात, न्हाणीघराचं दार उघडतात, कॉटखाली वाकून बघतात. आदल्या दिवशी फोन करावा, चपला बाहेर काढाव्यात, आजारी माणसाची खोली विचारून उघडावी, हे काय सांगायचं? पण त्याच्याही आधीचा प्रश्न आहे. घर विकलं जातंय हे तिला माहीत आहे का?

मला एकदा एका गृहस्थांचा फोन आला. भावाचा फ्लॅट विकायचा आहे, भाऊ वारला, सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव लागलंय. मी विचारलं, घर रिकामं आहे का? ते म्हणाले, "वहिनी आहेत, पण त्यांची अडचण नाही. गिऱ्हाईक आलं की त्या आतल्या खोलीत बसतील." मी एकटीच बघायला गेले. वहिनींनी पाणी आणून दिलं आणि हळूच विचारलं, "आम्हाला कधीपर्यंत निघायचंय?" बारा वर्षांची मुलगी शेजारी उभी होती.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. दप्तरी नाव लागलं तरी वारसांचा हक्क जात नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलं आणि मृताची आई हे पहिल्या वर्गातले वारस आहेत. पहिल्या वर्गातलं कुणी असताना भावाचा तिथे वाटा येतच नाही. मी हे वहिनींना त्यांच्याच घरात बसून सांगितलं, दिरांना फोन करून हे काम घेणार नाही म्हणून कळवलं, आणि वहिनींना तुमच्यासारख्याच एका केंद्राचा पत्ता दिला. आठ दिवसांत दुसरा एजंट गिऱ्हाइकं घेऊन तिथे जायला लागला. केंद्राच्या वकील बाईंनी घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला, कारण राहत्या घराची विक्री थांबवण्याचा आदेश त्या कायद्यात दंडाधिकारी देऊ शकतात. तो मिळाला तेव्हा गिऱ्हाइकं यायची थांबली. घर सासऱ्यांच्या किंवा सासूच्या नावावर असलं तर सुनेला राहायचा हक्कच नाही, असं २००६ च्या एका निकालावरून वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. नातेवाइकाच्या मालकीचं घरही 'सामायिक घर' असू शकतं. हे आमच्या एजंटांना कोणत्याच परीक्षेत नीट शिकवत नाहीत, म्हणून मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. विसार घेण्याआधी आत राहणाऱ्या बाईशी एकटीशी बोला, आणि ती 'मला माहीत नाही' म्हणाली तर किल्ली परत करा.

शेवटचं, एक टक्क्याचं. एप्रिल २०२१ पासून राज्यात बाईच्या एकटीच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. साठ लाखांच्या घराला साठ हजार वाचतात. आधी पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये निघाली. त्यामुळे आता एजंटच नवऱ्याला सुचवतो, 'वहिनींच्या नावावर करा.' चांगलंच आहे. पण सह्यांच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी अशा बायका बघितल्यात, ज्यांनी ते घर एकदाही पाहिलेलं नव्हतं. अंगठा यंत्रावर ठेवला, फोटो काढला, घरी गेल्या. खरेदीखत नवऱ्याच्या कपाटात. आम्ही सह्यांच्या आधी तिला घर दाखवतो, खरेदीखत मराठीत वाचून सांगतो, इंडेक्स टूची एक प्रत तिच्या हातात देतो आणि कर्जात तिचं नाव असेल तर हप्ता चुकल्यास बँक तिलाही धरणार, हेही सांगतो. यावरून दोन व्यवहार मोडलेत. नवऱ्यांना आवडलं नाही.

तुम्हाला एक सुचवते. केंद्रातल्या दोघीतिघींनी घर बघायला सोबत जायची पाळी लावून घ्या. कायदा पाठ असायची गरज नाही, फक्त बरोबर असावं आणि कार्पेट विचारावं. रविवारी सकाळी तीन घरं बघून होतात. टेप, टॉर्च आणि पाण्याची बाटली न्या. रिकाम्या फ्लॅटमध्ये पाणी नसतं.