करार, खेप आणि अडून बसण्याचा हक्क



फुटबॉलपटूंनी चांगल्या करारासाठी अडून बसावं का? माझं उत्तर आहे, बसावं. पण अडून बसणं कुणाला परवडतं, हे आधी पाहू.

इथे कोलकात्यात 'खेप' हा शब्द कानावर येतो. रोख पैसे घेऊन कुठल्याही गावच्या स्पर्धेत एका सामन्यापुरतं खेळायचं, त्याला खेप म्हणतात. पाय मोडला तर इलाज स्वतःच्या खिशातून. संशोधनाच्या कामात भेटलेला एक मुलगा मला म्हणाला, "दादा, मी नाही म्हटलं तर माझ्या मागे दुसरा उभाच आहे."

करारवाल्यांचंही फार बरं नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन ईस्ट बंगालच्या खेळाडूंचे करार मुदतीआधीच संपवले गेले. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग लांबणीवर पडली, तेव्हा काही क्लबांनी पगार थांबवले. अशा वेळी खेळाडूला निष्ठेचे धडे दिले जातात. २९ जुलै १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं, दहा जण अनवाणी खेळले, त्यांनी कुठे पैसे मागितले? मित्रहो, पैशाविना खेळणं हा मोठेपणा त्यालाच जमतो, ज्याच्या घरी चूल पेटण्याची दुसरी सोय असते.

त्याच १९११ साली पळवणकर बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून जास्त बळी घेत होते. चांभार घरातला हा माणूस पुण्यात मैदानाची देखभाल करणारा पगारी नोकर होता. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र त्यांना वेगळा, मातीच्या भांड्यात मिळे. कर्णधारपद तर नाहीच. १९२० मध्ये बाळूंना वगळलं आणि कर्णधारपदासाठी पळवणकरांना डावललं, तेव्हा भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले. जातीमुळे होणारा हा अपमान आहे, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. संघाला त्यांना परत बोलवावं लागलं आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

त्यांचं अडून बसणं यशस्वी का झालं? त्यांच्यावाचून संघाचं चालत नव्हतं आणि भाऊ एकत्र उभे राहिले. खेप खेळणाऱ्या मुलाकडे यातलं काहीच नाही.

१९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी संपाचा हक्क स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला होता. तो हक्क एकट्या ताऱ्याचा नव्हे, सगळ्या कामगारांचा. म्हणून मोठ्या खेळाडूंनी जरूर अडून बसावं, पण केवळ स्वतःच्या आकड्यासाठी नको. दुखापतीचा इलाज, ठरल्या तारखेला पगार आणि मुदतीआधी करार मोडल्यास पूर्ण भरपाई, या तीन गोष्टी सर्वात खालच्या विभागातल्या खेळाडूलाही मिळेपर्यंत त्यांनी सही करू नये.

ज्याच्या मागे दुसरा उभा आहे, त्याला एकट्याने 'नाही' म्हणता येत नाही. मागे उभ्या असलेल्यानेही 'नाही' म्हटलं, तरच त्या शब्दाला किंमत येते.

जय भीम.